उष्टं वावर

आमच्या गावाला निरोगी करण्याचं काम ज्या संस्थेनं अंगावर घेतलं होतं, तिच्या बुलढाण्याच्या ऑफिसात पाणी प्यायच्या ग्लासावरसुद्धा सुविचार छापलेला होता. कोर्टाच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला. खाली झेरॉक्सवाला, वर आम्ही आणि आरोग्य. मी तिथं 'समाजमाध्यम प्रेरक' म्हणून लागले. ओळखपत्रावर तसं छापलेलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप करायचा, ऑफिसातून रोज सकाळी तयार येणारा संदेश त्यात टाकायचा, आणि गावातून येणारे फोटो ऑफिसला पाठवायचे. वरून सुविचार खाली, खालून फोटो वर. मधे मी.

त्याआधी कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. एसटीच्या पाससाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी. पिवळा कागद, आणि वाटता वाटता हाताला लागणारी स्वस्तातली शाई. ज्या ताईनं मला लिहायला शिकवलं तिचा एकच नियम होता: एका कागदावर एकच मागणी. कोण मागतंय, कोणाकडे, काय. विशेषण दिसलं की ती पेनानं असं खोडायची की कागद फाटायचा. त्या शाळेतून मी थेट अशा ऑफिसात आले जिथं मागणी कुठंच नव्हती आणि विशेषणं पोत्यानं होती. आरोग्यदायी, आनंददायी, ऊर्जादायी. कोण कोणाला काय देणार, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती.

संदेश यायचे ते असे. कोमट पाण्यात लिंबू पिळा. जेवताना मोबाईल पाहू नका (हा बरोबर जेवायच्या वेळी, मोबाईलवर). लिफ्टऐवजी जिना वापरा. आमचं गाव मोताळ्याहून आत आहे. तिथं जिना म्हणण्यासारखी एकच वस्तू, पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, आणि तिचेही खालचे दांडे कोणीतरी काढून नेलेत. एका सोमवारी आला, 'आठवड्यातून एकदा तरी निसर्गात फेरफटका मारा.' शेजारी हिरवळीवर धावणारं एक गोरंगोमटं कुटुंब, चौघांचेही बूट पांढरे.

मी तो वाचून दाखवला तेव्हा वहिनी निंदणाहून, म्हणजे पिकातलं तण काढून, नुकतीच आली होती आणि ओसरीवर बसून पायातला काटा काढत होती. वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिनं मान वर न करता विचारलं,

"हा निसर्ग कुठी हाय वं? बस लागते का तिथं?"

मी हा प्रश्न जसाच्या तसा ऑफिसला कळवला. उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला.

चुलत भावाला मी दादा म्हणते. दादा फवारणीचं काम करायचा. गावात पंप बऱ्याच जणांकडे होते, पण दुसऱ्याच्या वावरात, म्हणजे शेतात, बोलावणं यायचं ते दादाला. पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन तो तासातून, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून, चालायला लागला की उजव्या हातातली नळी घड्याळाच्या लंबकासारखी सारखी हलायची, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. लोक म्हणायचे, याच्यासारखा हात नाही. हे ऐकायला त्याला फार आवडायचं. मग तो पंप धुताना शीळ घालायचा.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि कपाशी, आमच्या बोलीत पऱ्हाटी, माजली होती. बीटी बियाणं आलं तेव्हा आता अळी गेली, फवारणी संपली, असं गावातल्या कृषी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. भिंत अजून आहे. अळीही आहे, बोंडात बसून ती भिंत वाचत असते. त्यात सगळ्यांनी झाडं दाट लावलेली. दिवाळीच्या आधीच पऱ्हाटी दादाच्या डोक्यावर गेली. कमरेएवढ्या पिकात माणूस खाली फवारतो. डोक्याच्या वर गेलेल्या पिकात त्याला नळी आभाळाकडे धरावी लागते, आणि उडालेलं सगळं धुकं त्याच्याच टाळूवर, डोळ्यांत, मानेवर परत येतं. दाट तासांत वारा नाही. अंगातला घाम आणि वरून पडणारं विष एकत्र वाहतं. दादाच्या तोंडाला असायची दस्ती, म्हणजे साधा सुती रुमाल, जो दुपारपर्यंत ओलाचिंब झालेला असायचा.

मी एक संदेश लिहिला. जन्मात लिहिलेल्या पत्रकांतलं सर्वांत छोटं पत्रक. 'कपाशी डोक्याच्या वर गेली असेल तर आत शिरून फवारणी करू नका.' ग्रुपवर टाकला. चहा गार व्हायच्या आत तो गायब झाला.

गायब करणारा होता कृषी केंद्राचा शेठ. ऑफिसच्या नियमाप्रमाणे 'गावातील एक प्रतिष्ठित व्यक्ती' ग्रुपची अॅडमिन करायची असते, आणि प्रतिष्ठित म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवण्यात आलं तो माणूस गावाला कीटकनाशकं विकत होता. ऑफिसातल्या एकालाही यात काही गैर वाटलं नाही. मी दुकानात गेले. तो बाटल्यांवरची धूळ झटकत होता.

"पोरी, काय टाकलं होतं तू?"

"जे खरं हाय ते, शेठ."

"खरं हाय म्हणून काही पण टाकायचं का? उद्या म्हणशील दुकान बंद करा." त्यानं बाटली जागेवर ठेवली आणि अगदी मायेनं समजावलं, "ग्रुप आरोग्याचा हाय ना? मंग आरोग्याचंच टाकत जाय."

मी बुलढाण्याला जाऊन मॅडमकडे तक्रार केली. मॅडम पुण्याहून आल्या होत्या, वाईट नव्हत्या, आवाज कधी चढवत नसत. त्यांचा एक त्रास होता, त्या प्रत्येक वाक्याआधी श्वास घेऊन हसत.

"अगं, आपला टोन पॉझिटिव्ह ठेवायचाय. 'करू नका' असं नको. 'करूया' असं."

"मग 'श्वास घेऊया' असं टाकू का?"

मॅडमनी वही ओढली आणि लिहून घेतलं. "छान आहे. प्राणायामाच्या आठवड्यात वापरू."

त्या दिवशी राजूर घाट उतरताना बसच्या खिडकीला डोकं टेकवून मी ठरवलं, की या बाईंवर चिडणंसुद्धा वाया घालवायचं नाही. ते मला जमलं नाही, हे पुढं दिसेलच.

माझ्या तक्रारीचा उपयोग झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पंधरवड्यात एक खोकं आलं. त्यात फवारणीचा संरक्षक पोशाख होता: पांढरा झगा, चष्मा, तोंडाला लावायचा जाडा मास्क, कोपरापर्यंतचे हातमोजे. गावाला एक. 'प्रात्यक्षिकासाठी.' सोबत सूचना, की पोशाख घातलेल्या शेतकऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. उत्तम फोटोला 'या महिन्याचा आरोग्यदूत' असा मान मिळेल.

पोशाख शेठनं दुकानात खुंटीवर टांगला आणि गावाला वेड लागलं. लग्नातला नवरदेवाचा कोट एकाच घरातल्या चार भावांना पुरतो तसा तो झगा गावाला पुरला. आधी सरपंचबाईंच्या नवऱ्यानं घातला. मग शाळेतल्या गुरुजींनी, ज्यांच्याकडे वावर नाही. मग शेठच्या पुतण्यानं, ज्यानं पंप फक्त विकलेला आहे. त्यानं चष्मा कपाळावर चढवून मागं गाणं लावून रील केली. फोटो काढायचे दुकानामागच्या गुडघाभर तुरीत, कारण पऱ्हाटीत शिरलं तर माणूस दिसत नव्हता. याच्यात सगळं आलं: पऱ्हाटीत माणूस दिसत नाही म्हणून फोटो तुरीत. ऑफिसला हे फोटो इतके आवडले की आमच्या गावाचं उदाहरण बाकीच्या गावांना देण्यात आलं.

दादानंही घातला. त्याला शेठनंच बोलावून घातला. पाठीवर स्वतःचा पंप, हातात नळी, पाय जरा फाकलेले. बाकी सगळे झगा घातलेले पाहुणे वाटत होते. हा एकटा काम करणारा माणूस दिसत होता. मी विचारलं,

"दादा, हाच घालून जाय ना वावरात."

"हा? याच्यात उकडून मरीन मी. अन् फाटला तर शेठ काय म्हणन?" तो झग्याची घडी घालत होता, बायका शालूची घालतात तशी. "फोटो चांगला आला का ते सांग."

फोटो चांगलाच आला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात तो गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वावरात फवारायला गेला. दुपारी म्हाताऱ्याची बायको बांधावर पाणी घेऊन आली तेव्हा पंपाचा आवाज येत होता पण पऱ्हाटी हलत नव्हती. ती आत शिरली. दादा तासात आडवा पडला होता, तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं, आणि पाठीवरचा पंप तसाच घर्घर करत होता. शेजारच्या वावरातल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे धरून गावात आणलं, तिथून जीपनं आम्ही बुलढाण्याला निघालो. घाटात तो तीनदा ओकला. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि तो सारखं एकच म्हणत होता, डोळ्यापुढं धूर झाला, खिडकी उघडा. खिडकी उघडीच होती.

सरकारी दवाखान्यात त्याला सुया टोचल्या, नळ्या लावल्या. आम्ही दोघी वॉर्डाबाहेर फरशीवर बसलो होतो तेव्हा माझा फोन वाजू लागला. टिंग, टिंग, टिंग. ग्रुपवर या वेळी ऑफिसनं परस्पर पोस्टर टाकलं होतं. 'या महिन्याचा आरोग्यदूत.' पांढरा झगा, पाठीवर पंप, जरा फाकलेले पाय, भोवती सूर्यफुलांची चौकट. त्याच्याखाली टाळ्या. अभिनंदन भाऊ. गावाची शान. शेठच्या पुतण्यानं अंगठा दाखवला होता. ज्यांनी त्याला दुपारी मोटारसायकलवरून येताना पाहिलं होतं त्यांनीसुद्धा फुलं टाकली होती, कारण एकानं टाकलं की सगळ्यांनी टाकायचं, हा तिथला कायदा.

वहिनीनं फोन हातात घेतला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे कपडे आज याच्या अंगावर काऊन नव्हते?"

"दुकानात टांगेल हायेत."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला. तिचा हा 'बरं' मी ओळखून होते. सासऱ्यानं शेळी विकली तेव्हा ती असंच बरं म्हणाली होती, आणि बाजारात जाऊन शेळी परत घेऊन आली होती.

मी ग्रुपवर लिहिलं: 'हा माणूस आज फवारणी करताना पडला. आत्ता सरकारी दवाखान्यात आहे. फोटोतला पोशाख दुकानात आहे.' संदेश काढला गेला आणि पाठोपाठ मलाही काढलं. ज्या ग्रुपची मी प्रेरक होते त्यातून. मॅडमचा फोन आला. श्वास घेतला, या वेळी हसल्या नाहीत एवढं मान्य करते.

"अगं, पेशंटची प्रायव्हसी असते."

"अन् सूर्यफुलात लावलेल्या फोटोची?"

"तो संमतीनं काढलाय ना."

दादा वाचला. डॉक्टर पोरगेलासा होता, डोळे झोपेनं जड. त्यानं दादाच्या खाटेजवळच वहिनीला सांगितलं, "ताई, या वेळी निभावलं. हे अंगात मुरलेलं असतं. लगेच पुन्हा गेलं, तर मी इथंच उभा असेन, पण उपयोग होईलच असं नाही." एवढ्या दिवसांत आरोग्याविषयी मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य.

घरी आल्यावर दादा खाटेवर बसायचा आणि स्वतःच्या हाताकडे पाहायचा. हात थरथरत होता. चहाची बशी वाजायची. मला वाटलं आता हा पंप उचलणार नाही. मला काय माहीत. चारच दिवसांनी त्यानं पंप ओसरीवर आणला आणि चार्जिंगला लावायला म्हणून बोर्डाजवळ ठेवला.

"कुठी जातं?" वहिनी.

"म्हाताऱ्याचं वावर उष्टं पडलं."

हे समजावून सांगायला हवं, कारण मॅडमना मी दोनदा समजावलं आणि त्यांनी दोन्ही वेळा 'इंटरेस्टिंग' म्हटलं. आमच्याकडे एका फवारणीवाल्यानं अर्धं फवारलेलं वावर दुसरा हातात घेत नाही. ते उष्टं. ज्यानं सुरू केलं त्यानंच पुरं करायचं. उष्टं घेणाऱ्याला बाकीचे ताटाखालचं मांजर म्हणतात, आणि उष्टं टाकून जाणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. कोणी केला हा नियम, कधी केला, काही ठाऊक नाही. पंप आले तेव्हा आला असणार, म्हणजे काही वेदकाळातला नाही. पण दादाच्या मनात ते अर्धं वावर खुपत होतं. त्याला पैशाची घाई नव्हती, म्हाताऱ्यानं तगादाही लावला नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं, की सगळ्या शिवारात त्याच्या नावावर एक खरकटं ताट पडलंय.

"डॉक्टर काय म्हणे, ऐकलं नव्हतं का?" मी म्हटलं.

"अर्धंच हाय ना. अर्ध्यानं काय होते."

पंप बोर्डाला लागलाच नाही, कारण चार्जर सापडला नाही. दादानं फडताळ पाहिलं, पेटी पाहिली, चुलीमागं पाहिलं. वहिनी भाकरी थापत होती.

"चार्जर कुठी हाय?"

"माह्यापाशी हाय."

"दे."

"पऱ्हाटी तुह्या कमरेखाली आली की देईन."

"पऱ्हाटी काय वरून खाली येते का वं?"

"मंग पुढल्या वर्षी."

तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. पण बंद बोलण्यानं काही थांबणार नव्हतं. चार्जर मोताळ्याला मिळतो, आणि बोलावणं तर घरापर्यंत येतं. म्हाताऱ्याचा निरोप आला नाही तरी दुसऱ्या कोणाचा येणार होता, सगळ्या गावाच्या पऱ्हाटीत अळी होती. दोन दिवस वहिनी हेच मनात घोळवत होती. मग दुपारी माझ्याकडे आली.

"तुले पत्रक लिहिता येते ना? एक लिहून दे. मी त्या फोनवर बोलीन."

फोनवर म्हणजे बायांच्या ग्रुपवर. बचत गटातल्या बायांचा एक ग्रुप होता, ज्यात कोणाकडे शेवयांचं यंत्र आहे, कोणाच्या सुनेचं डोहाळजेवण कधी आहे, एवढंच चालायचं. त्याला कोणी प्रेरक नव्हता, म्हणून तो चालू होता. मी उत्साहानं बसले. लिहिलं: 'फवारणी करणाऱ्या मजुराच्या जीविताची जबाबदारी शेतमालकाने स्वीकारलीच पाहिजे.' वाचून दाखवलं.

"हे कोनाले म्हणून राह्यली?"

"शेतमालकांना."

"शेतमालक कोण? थो म्हातारा? तो माह्या मावशीचा दीर हाय. त्याले शेतमालक म्हटलं तर तो मागं वळून पाहीन, कोण आलं म्हणून." तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "कुठी दाबू?"

मी दाखवलं. ती तोंडाजवळ फोन धरून बोलली, जशी विहिरीवर पलीकडच्या बाईशी बोलते तशी. आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग नवऱ्याचं नाव घेतलं. सरळ. उखाणा नाही, 'हे' नाही, 'पोट्ट्याचे बाप' नाही. मी दचकले. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून ते नाव मी फक्त हळदीकुंकवाला यमकात ऐकलं होतं.

"बायांनो, माहा नवरा दवाखान्यातून आला. पऱ्हाटी डोक्याच्या वर हाय तोवर तो फवारणीले येणार नाही. त्याले बोलवू नका, तुमच्या घरच्यांले पण सांगून ठेवा. तरी बोलावलं अन् त्याले काही झालं, तर मी त्याले उचलून तुमच्याच दारात आणून ठेवीन, मंग तुम्ही पाहा. चार्जर माह्यापाशी हाय. झालं."

कोण मागतंय, कोणाकडे, काय. एक विशेषण नाही. मला शिकवणाऱ्या ताईनं पेन खाली ठेवलं असतं. मी त्या दिवशी माझं पत्रक फाडून चुलीत टाकलं, आणि ते बरं जळलं.

तो आवाज गावात राहिला नाही. एकीनं माहेरी पाठवला, पिंपळगाव राजाला. तिथून तिच्या जावेनं कुठं. शेवयांवाली मोताळ्याची, तिनं तिकडं. संस्थेनं वर्षभर लिंबू पिळून जे जमवलं नव्हतं ते एका बाईनं नवऱ्याचं नाव घेऊन केलं. अर्धे लोक तर तेवढ्यासाठीच ऐकत होते. दादाला एसटीच्या थांब्याजवळच्या हॉटेलात बसणं मुश्कील झालं.

"काय बे, चार्ज झाला का?"

"त्याले नको बोलवू गड्या, तुह्या दारात आणून ठेवतीन."

"खाय बे, खाय. भजे थंडे होऊन राह्यले, अन् घरून परवानगी आणली का भज्याची?"

दादा उठून आला. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यानं सदरा चढवला आणि मोताळ्याच्या बसमध्ये बसला. मी त्याच बसनं पुढं बुलढाण्याला निघाले होते, पण मोताळ्यात त्याच्यामागं उतरले. तो सरळ पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेला. चाचा म्हणजे या भागातल्या सगळ्या पंपांचे वैद्य. एका हातात पाना, तोंडात पान, आणि दुकानात बसायला एकच डबा, तोही गिऱ्हाइकासाठी.

"चाचा, एक चार्जर पाहिजे."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे इशारा केला. दादा बसला. चाचांनी खिशातून फोन काढला, बोटानं काहीतरी शोधलं आणि लावलं. भर बाजारात, कांदे आणि मिरच्यांच्या मधे, वहिनीचा आवाज आला. 'बायांनो, माहा नवरा दवाखान्यातून आला.' शेवटच्या 'झालं' पर्यंत त्यांनी तो पूर्ण ऐकवला. शेजारचा बांगडीवाला माल लावायचा थांबला.

"भाई, तूच ना हा?" चाचा म्हणाले. "माझ्या घरवालीनं पाठवला. म्हणे, हा माणूस येईल, देऊ नका."

"चाचा, दुकान तुमचं हाय का चाचीचं?"

"दुकान माझं हाय. रोटी तिची हाय." चाचांनी पान थुंकलं. "चार्जर पडेल हाय तिथं. दिसून राह्यला ना? देणार नाही. चहा घे."

दादानं चहा घेतला. मला वाटलं होतं तो चिडेल. पण त्याचा चेहरा एखादं ओझं दुसऱ्यानं उतरवून घेतल्यावर होतो तसा झाला, आणि ते ओझं आपलं होतं हे मान्य करायची त्याची तयारी नव्हती. बशी अजून वाजत होती. मी बुलढाण्याची बस सोडून दिली.

उष्टं वावर मात्र राहिलंच होतं. ते सोडवलं म्हाताऱ्यानं. दोन दिवसांनी तो काठी टेकत आमच्या ओसरीवर आला. त्याची बायको त्याच्यामागं होती, आणि कोणी कोणाला आणलं ते दिसत होतं.

"ऐक," म्हातारा दादाला म्हणाला. "मी शेंडे खुडून टाकून राह्यलो. बाया लावल्या. वरचा वरचा हातभर शेंडा काढला की पऱ्हाटी बसते, अन् फवारा लागत नाही."

"काका, अर्धं राह्यलं ना. मी येतो. दोन घंट्याचं..."

"वावर कोनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग उष्टं हाय का नाही ते मी सांगीन. नाही. कोनी म्हटलं तर माह्याकडे पाठव."

वहिनी आतून चहा घेऊन आली. म्हाताऱ्याच्या बायकोला तिनं कप द्यायच्या आधी पदर सावरून नमस्कार केला. त्यानंतर गावात आणखी दोन बायांनी ग्रुपवर आपापल्या नवऱ्यांची नावं घेतली. तिसरीच्या नवऱ्यानं फोन आपटला. सगळं गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही. ते लिहायला संस्था आहे. कितीतरी जण त्या वर्षीही ओली दस्ती बांधून पऱ्हाटीत शिरले. शेठनं मला रस्त्यात अडवून सांगितलं, "तुम्ही बाया गावाचं नाव खराब करून राह्यल्या." गावाचं नाव तोवर सूर्यफुलांच्या चौकटीत कसं चांगलं होतं, हे मी विचारलं नाही.

मॅडमचा फोन आला. आवाज त्यांच्यापर्यंतही पोचला होता. त्यांना तो यशोगाथा म्हणून हवा होता.

"फक्त एक, तिच्याकडून पुन्हा रेकॉर्ड करून घेशील? जरा शुद्ध भाषेत. 'त्याले', 'माह्यापाशी' असं बाकीच्या जिल्ह्यांत कळत नाही. आणि ते दारात आणून ठेवण्याचं वाक्य नको, नकारात्मक आहे. शेवटी 'चला, निरोगी राहूया' असं आलं तर..."

मी वहिनीला निरोप दिला. ती कापूस वेचून आली होती, बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे.

"मले येते तसंच बोलीन," ती म्हणाली. "समजलं नसन तर म्हणा, त्यांच्या नवऱ्याले पंप देऊन पाठवा. इथं आला की समदं समजते."

हा निरोप मी शब्दशः, तिच्याच भाषेत, ईमेलनं पाठवला आणि खाली ओळखपत्राचा फोटो जोडून लिहिलं की हे आता दुसऱ्या कोणाला द्या. हसरा चेहरा आला नाही.

पुढच्या वर्षी जुलैत पऱ्हाटी वीतभर असताना वहिनीनं चार्जर काढून दिला. तो गोधड्यांच्या चळतीत, सर्वांत खालच्या गोधडीत शिवलेला होता. तिनं टाके उसवले. दादा फवारायला जाऊ लागला. हात थोडा हलतोच, नळी पूर्वीसारखी सारखी चालत नाही, ते लोकांना दिसतं आणि ते बोलत नाहीत. दुकानातला झगा उंदरांनी कुरतडला. सूर्यफुलांतला त्याचा फोटो मात्र त्या वर्षीही ऑफिसनं ग्रुपवर टाकला, आणि टाळ्या पडल्या.

पोळा झाल्यावर एका संध्याकाळी तो वावरातून आला, पंप धुतला, उपडा ठेवला. चार्जर बोर्डातून काढला, वायर गुंडाळली आणि आत जाऊन गोधड्यांवर ठेवला. वहिनी लसूण सोलत होती.

"पऱ्हाटी कमरेले लागली," तो म्हणाला.

तिनं लसणाची पाकळी टोपल्यात टाकली आणि सुई-दोरा कुठं आहे ते मला विचारलं.